मापांची वही आणि स्वस्तातला सर्व्हर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. कुणा भगिनीची घरगुती मसाल्यांची विक्री आहे, कुणाचा शिकवणीचा वर्ग आहे, कुणाचे सुक्या मेव्याचे दुकान आहे. घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी म्हणते की महिना शंभर-सव्वाशे रुपयांत परदेशी कंपनीचा सर्व्हर मिळतो, त्यावर आपली स्वतःची वेबसाइट टाकू. आई-वडिलांना यातले फारसे कळत नाही. ते आम्हाला विचारतात, घ्यावा का?

हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देण्याआधी माझ्या आपाच्या घरी काय घडले ते सांगतो. मग उत्तर आपले आपणच ठरवावे.

आपा चिपळूणला राहते. पंचवीस वर्षे ती घरी शिवणकाम करते. लग्नाचे शरारे, ईदचे कपडे, शाळेचे गणवेश असे सगळे तिच्याकडे येते. तिचे खरे भांडवल शिलाई मशीन नाही, मापांची वही आहे. कोणत्या बाईचा खांदा किती, कुणाला बाही लांब लागते, कुणाच्या मुलीची उंची गेल्या वर्षापासून किती वाढली, हे सगळे त्या वहीत. दुबई-कुवेतला राहणाऱ्या बायका फोन करतात, “आपा, तुमच्याकडे माप आहेच, कापड भावाबरोबर पाठवते.” एवढ्यावर काम चालते.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. आपाच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होते. दोन दिवसांनी चिखल काढला तेव्हा मशीन सापडले. ते नंतर दुरुस्तही झाले. वह्यांचा मात्र लगदा झाला होता. आपा मशीनसाठी रडली नाही, वह्यांसाठी रडली.

भाचा तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. तो म्हणाला, “अम्मी, वही कागदाची होती म्हणून गेली. आता मापं अशा जागी ठेवतो, जिथे पाणी पोहोचणारच नाही.”

पुढच्या वर्षी त्याने खरोखर एक छोटी वेबसाइट तयार केली. गिऱ्हाईक फोनवरून ऑर्डर नोंदवू शकते, आपा मापे लिहू शकते, आगाऊ रक्कम किती आली त्याची नोंद राहते. हे सगळे ठेवायला जागा हवी होती. नोव्हेंबर 2022 मध्ये, अमेरिकेत ‘ब्लॅक फ्रायडे’ची सवलतीची विक्री असते त्या दिवसांत, त्याला एक जाहिरात दिसली. एका वर्षाला 15 डॉलर. त्याने माझ्याकडे कार्ड मागितले. चलनबदलाचा आकार आणि कर धरून खात्यातून दीड हजार रुपयांच्या आसपास गेले. वर्षाचे दीड हजार म्हणजे महिन्याला सव्वाशे. आम्हाला वाटले, एवढ्यात तर साधा कागदही येत नाही.

पहिले वर्ष उत्तम गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वेबसाइट चटकन उघडायची. आपा शिवणयंत्राशेजारी मोबाइल ठेवून मापे पाहायची.

2024 च्या रमजानमध्ये, ईद तोंडावर आलेली असताना, एका संध्याकाळी इफ्तारनंतर आपाने मोबाइल उघडला आणि पान आलेच नाही. भाच्याने कंपनीकडे तक्रार नोंदवली. रात्री उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या ग्राहकांना मिळून एक छापील ईमेल आला. त्याचा सारांश असा होता : ज्या मोठ्या संगणकावर आपला सर्व्हर होता त्याच्या डिस्क निकामी झाल्या आहेत, त्यावरील माहिती परत मिळणार नाही, आपल्याला नवा रिकामा सर्व्हर दिला आहे आणि झालेल्या गैरसोयीबद्दल एक महिना मोफत वाढवून दिला आहे.

मी संतापलो. भाच्याला म्हणालो, “ही फसवणूक आहे. यांच्यावर तक्रार कर.” त्याने मान खाली घातली आणि मोबाइलवर त्या कंपनीच्या अटींचे पान दाखवले. त्यात स्पष्ट लिहिले होते की सेवा ‘अनमॅनेज्ड’ आहे, म्हणजे देखभाल ग्राहकाने करायची. माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारीही पूर्णपणे ग्राहकाची. पैसे भरताना याच अटींखाली आम्ही ‘मान्य’ म्हणून खूण केली होती. “मामू, त्यांनी जे लिहिलं तेच केलं,” तो म्हणाला. “मीच वाचलं नाही.”

सुदैवाने आदल्या नोव्हेंबरात नूतनीकरणाच्या वेळी त्याने सहज म्हणून एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. त्यामुळे जुनी बहुतेक मापे परत मिळाली. नोव्हेंबरनंतरचे सगळे गेले. त्यात रमजानमध्ये आलेल्या 31 ऑर्डर होत्या, त्यांची मापे होती आणि कुणी किती आगाऊ दिले याचा हिशेबही होता. आपाने व्हॉट्सअॅपवरचे संदेश चाळून एकेकीला फोन केला. काही जणी पुन्हा माप द्यायला आल्या. गुहागरहून एका नवरीच्या आईला परत यावे लागले, तिचे भाडे आपाने दिले. एक बाई म्हणाली, मी 1500 रुपये दिले होते. आपाला 1000 आठवत होते. नोंद कुठेच नव्हती. आपाने 1500 धरले. मी म्हणालो, एकदा विचार तरी. ती म्हणाली, “नोंद ठेवायचं काम माझं होतं. ती नोंद हरवली म्हणून तिला खोटं कसं ठरवू?”

त्या दिवसापासून मी या विषयाकडे नीट पाहू लागलो.

स्वस्त का मिळतो?

‘व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर’, थोडक्यात व्हीपीएस, म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. डेटा सेंटरमध्ये एक मोठा, ताकदवान संगणक असतो. सॉफ्टवेअरच्या मदतीने त्याचे अनेक कप्पे पाडतात. प्रत्येक कप्पा स्वतंत्र संगणकासारखा वागतो. एका मोठ्या इमारतीतले ब्लॉक समजा. आपल्या ब्लॉकला आपले कुलूप असते, आत काय ठेवायचे ते आपण ठरवतो. पण पाया, पाण्याची टाकी आणि जिना सगळ्यांचा एकच. हे कप्पे पाडणारे ‘केव्हीएम’ नावाचे सॉफ्टवेअर 2007 पासून लिनक्सचा भाग आहे आणि ते मोफत आहे. म्हणून हा धंदा सुरू करायला फार मोठे भांडवल लागत नाही. दोन-तीन माणसेसुद्धा कुणाच्या तरी डेटा सेंटरमध्ये संगणक भाड्याने घेऊन कंपनी चालवू शकतात.

मग सव्वाशे रुपयांत परवडते कसे? एक, यंत्रसामग्री बहुधा जुनी असते. दोन, एकाच यंत्रावर पुष्कळ ग्राहक बसवलेले असतात. सगळे एकाच वेळी पूर्ण ताकद वापरणार नाहीत या हिशेबाने, आहे त्यापेक्षा जास्त क्षमता विकली जाते. तीन, तक्रारी ऐकायला माणसे फारच थोडी असतात. चार, वर्षाचे पैसे आधीच घेतलेले असतात, त्यावरच कंपनीचा रोजचा खर्च चालतो. यात लपवाछपवी असेलच असे नाही. इमारतीतला ब्लॉक कमी भाड्यात मिळाला तर पाण्याला दाब कमी असणार, हे आपण जसे धरून चालतो तसेच हे आहे. फक्त ते आपल्याला माहीत असले पाहिजे.

इतरांचे अनुभव

आपाच्या घटनेनंतर मी ओळखीच्या ज्या-ज्या घरांत असा सर्व्हर घेतला होता तिथे विचारपूस केली. अनुभव एकसारखे नव्हते. चार सांगतो.

मीरा रोडला एक शिक्षक दांपत्य शिकवणी चालवते. त्यांची वेबसाइट सकाळी छान चालायची आणि संध्याकाळी सात ते दहा, नेमकी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी, रांगत चालायची. त्यांच्या मुलीने शोध घेतला. लिनक्समध्ये ‘टॉप’ नावाची एक आज्ञा असते. ती दिली की संगणक काय करतो आहे ते पडद्यावर दिसते. त्यात ‘एसटी’ असा एक आकडा असतो. ही आपली लाल एसटी नाही. आपल्या सर्व्हरला काम करायचे असताना त्याच्या वाट्याचा वेळ शेजाऱ्यांकडे गेला, असे तो आकडा सांगतो. संध्याकाळी तो 30 टक्क्यांच्या वर जायचा. म्हणजे शंभर मिनिटांच्या कामातली तीस मिनिटे हा सर्व्हर नुसता रांगेत उभा असायचा. मुलीने दोन दिवसांचे आकडे वेळेसह कंपनीला पाठवले आणि कंपनीने त्यांना दुसऱ्या यंत्रावर हलवले. त्रास संपला. ‘तुमची सेवा भंगार आहे’ असे लिहिले असते तर बहुधा उत्तरही आले नसते. आकडे पाठवले म्हणून काम झाले.

मालेगावच्या एका कापड व्यापाऱ्याने सर्व्हरवरून ग्राहकांना बिले ईमेलने पाठवायला सुरुवात केली. एकही बिल कुणाला दिसेना. सगळी ‘स्पॅम’च्या खोक्यात जात होती. कारण असे की इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांकाचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे 430 कोटीच आहेत आणि जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपले. त्यामुळे तेच पत्ते पुन्हा पुन्हा फिरवले जातात. या व्यापाऱ्याला मिळालेल्या पत्त्यावर आधी कुणीतरी फसव्या जाहिराती पाठवणारा राहून गेला होता. बदनामी त्या भाडेकरूची, त्रास नव्याला. त्यांनी ईमेलसाठी वेगळी सेवा घेतली आणि वेबसाइट तिथेच ठेवली.

एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्नेहमेळाव्यासाठी सर्व्हर घेतला. पासवर्ड ठेवला शाळेचे नाव आणि 123. नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की पासवर्ड ओळखून आत शिरू पाहणारी स्वयंचलित सॉफ्टवेअर काही मिनिटांत दार ठोठावू लागतात. आठवड्याभरात कुणीतरी आत शिरले आणि त्या सर्व्हरचा वापर दुसऱ्या वेबसाइटवर हल्ला करायला झाला. कंपनीने सेवा बंद केली आणि पैसेही परत दिले नाहीत. मंडळी कंपनीवर रागावली. पण घराला कडी न लावता गावाला गेलो आणि त्या घरात चोरांनी अड्डा केला, तर घरमालक कुणाला विचारणार?

चौथा अनुभव चांगला आहे. माझे एक मेहुणे दोह्यात नोकरी करतात. पाच वर्षे ते सर्वात स्वस्त सर्व्हर वापरतात. एकदा त्यांची कंपनी एका रात्रीत बंद पडली. मी विचारले, “मग काय केलेत?” ते म्हणाले, “चहा केला. दोन तासांत दुसरीकडे सगळे उभे केले.” ते पैसे महिन्याच्या महिन्याला भरतात, वर्षाचे आगाऊ देत नाहीत. सर्व्हर कसा उभा करायचा याची टिपणे लिहून ठेवलेली आहेत. दर रात्री प्रत आपोआप दुसऱ्या कंपनीकडे जाते. स्वस्त सर्व्हरकडे ते धर्मशाळेच्या खोलीसारखे पाहतात. झोपायला ठीक, पण दागिने तिथे ठेवायचे नाहीत.

आपाचा सर्व्हर आणि मेहुण्यांचा सर्व्हर जवळजवळ एकाच दर्जाचे होते. भावही जवळपास तोच. फरक होता तो फक्त दुसऱ्या प्रतीचा.

मोठ्या कंपनीकडे गेलो तर?

पुष्कळांना वाटते की जास्त पैसे देऊन मोठ्या नावाकडे गेलो की काळजी मिटली. तसे नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच क्लाउड या युरोपातील मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. कुणालाही इजा झाली नाही. पण नेटक्राफ्ट या संस्थेच्या अंदाजानुसार 36 लाख वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात होती ते काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा उभे राहिले. ज्यांची प्रतच नव्हती, किंवा होती पण त्याच आवारात होती, त्यांतील अनेकांचे कायमचे गेले. ‘रस्ट’ नावाच्या संगणकावरील खेळाचे 25 सर्व्हर त्या आगीत गेले आणि त्यावरची खेळाडूंची माहिती परत आली नाही.

त्याच वर्षी चार महिन्यांनी चिपळूणला पूर आला. तिथे आग, इथे पाणी. नुकसान मात्र सारखेच, कारण दोन्हीकडे वही एकाच ठिकाणी होती. भाच्याने कागदाला दोष दिला होता. पण दोष कागदाचा नव्हता, एकाच ठिकाणी ठेवण्याचा होता. मापे कागदावरून सर्व्हरवर गेली, तरी एकाच ठिकाणीच राहिली.

हमीचा अर्थ

जाहिरातीत ‘99.9 टक्के वेळ चालू राहण्याची हमी’ असे मोठ्या अक्षरांत असते. 30 दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ 43 मिनिटे बंद राहिला तरी हमी पाळली गेली. 99 टक्के असेल तर 7 तास 12 मिनिटे. आणि हमी मोडली तर काय मिळते? बहुतेक ठिकाणी जेवढा वेळ बंद तेवढ्याचे भाडे पुढच्या बिलात वळते करतात. वर्षाला 1500 रुपये म्हणजे दिवसाला सुमारे 4 रुपये. ईदच्या तोंडावर तीन दिवस दुकान बंद राहिले तर भरपाई 12 रुपये. आपला धंदा किती बुडाला याच्याशी त्या हमीचा काही संबंध नसतो.

भारतात ग्राहक म्हणून तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारासाठी घेतलेल्या सेवेचा ग्राहक वगळला आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेणाऱ्याला त्यातून सूट मिळू शकते. आपासारख्या घरी काम करणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. मात्र कंपनी परदेशातली, रक्कम दीड हजारांची आणि अटीत सगळे लिहिलेले, अशा वेळी कायद्यापेक्षा स्वतःची सावधगिरीच लवकर कामी येते.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

1. आपल्याला खरोखर सर्व्हर हवा आहे का? साधी माहिती देणारी वेबसाइट असेल तर ज्यात देखभाल कंपनी करते असे साधे होस्टिंग पुरते. सव्वाशे रुपयांच्या व्हीपीएसमध्ये कुलूप लावण्यापासून झाडलोटीपर्यंत सगळे आपल्याला करावे लागते. घरात ते करणारे कुणी नसेल तर घेऊ नये.

2. ते करणारा मुलगा किंवा मुलगी उद्या नोकरीसाठी बाहेरगावी गेली तर? पासवर्ड आणि टिपणे घरात आणखी एकाला माहीत असावीत.

3. दुसरे वर्ष कितीला? पहिल्या वर्षाची सवलत आणि नंतरचा भाव यांत मोठा फरक असू शकतो. परदेशी कंपनीच्या डिजिटल सेवेवर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचा चलनबदलाचा आकार धरून हिशेब करावा.

4. पैसे आपोआप कापले जातील का? 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची संमती आधी नोंदवलेली असावी लागते. अनेक परदेशी कंपन्यांची वसुली या कारणाने अडते. पैसे पोहोचले नाहीत तर काही दिवसांत सर्व्हर पुसला जातो. म्हणून मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी.

5. सर्व्हर कोणत्या देशात आहे? गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर मुंबईतला सर्व्हर लवकर उत्तर देतो. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत प्रत्येक निरोपाला जाऊन यायला साधारण पाव सेकंद लागतो. एका निरोपाला ते जाणवत नाही, पण एक पान उघडायला असे अनेक निरोप लागतात.

6. कंपनी किती वर्षे चालू आहे आणि नाराज ग्राहकांना ती काय उत्तर देते? पाच ताऱ्यांच्या शिफारशी वाचण्यापेक्षा तक्रारी वाचाव्यात. नवी कंपनी असेल तर वर्षाचे पैसे एकदम देऊ नयेत, महिन्याचे द्यावेत. थोडे महाग पडले तरी चालेल.

7. घेण्याआधी तक्रार विभागाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. पैसे घेण्याआधी उत्तर द्यायला तीन दिवस लावणारे नंतर किती लावतील याचा अंदाज येतो.

प्रत कशी ठेवावी

जाणकार लोक एक सोपा नियम सांगतात, तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. सर्व्हरवरची मूळ प्रत, घरच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर दुसरी आणि नातेवाइकाकडे तिसरी. यातला लोकांच्या हातून राहून जाणारा भाग म्हणजे पडताळणी. प्रत घेतली पण ती उघडतच नाही, असे अनेकदा होते. महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहिली तरच तिच्यावर भरवसा ठेवावा. कंपनी ‘स्नॅपशॉट’ देते म्हणून निर्धास्त राहू नये. तो बहुधा त्याच कंपनीत, काही वेळा त्याच यंत्रावर असतो.

आणखी एक. आपल्या सर्व्हरवर लोकांची नावे, फोन क्रमांक, मापे, पत्ते असतात. ती आपली मालमत्ता नाही, लोकांनी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी होतीच. लागते तेवढेच ठेवावे, काम झाले की उरलेले पुसावे. बायकांची मापे आणि त्यांची नावे एकाच पानावर असण्याची गरज नाही. पासवर्ड लांब असावा, सर्व्हरचे सॉफ्टवेअर दर आठवड्याला अद्ययावत करावे.

मग घ्यावा का?

शिकणाऱ्या मुलांसाठी जरूर घ्यावा. सव्वाशे रुपयांत खरा, जिवंत सर्व्हर हाताळायला मिळणे ही मोठी संधी आहे. बिघडला तर पुन्हा उभा करावा. त्यातच शिक्षण आहे. माझ्या भाच्याला पुढे पुण्यात नोकरी मिळाली ती याच कामाची. मुलाखतीत त्याने डिस्क गेल्याची कहाणी जशीच्या तशी सांगितली. आपली चूकही सांगितली.

घरच्या रोजगारासाठीही घेता येईल, पण दुसरी प्रत आधी आणि सर्व्हर नंतर. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी थोडे जास्त पैसे देऊन देखभालीसह सेवा घ्यावी. त्यात कमीपणा नाही. तिथेही एक प्रत आपल्या घरी ठेवावीच.

आपा आजही स्वस्तातलाच सर्व्हर वापरते, कंपनी फक्त बदलली. मापे आता क्रमांकाने आहेत आणि नावांची यादी वेगळी, तिच्या कपाटात. दर रात्री एक प्रत तिच्या लॅपटॉपवर उतरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक प्रत आमच्या रत्नागिरीच्या घरी येते आणि एक छापील प्रत माळ्यावर जाते. पाणी तिथवर जाऊ नये इतका तो उंच आहे. आमच्याकडे आलेली प्रत माझी पत्नी उघडते, कारण मापे बायकांची. मग ती आपाला फोन लावते.

“212 नंबर. बाही किती?”

“साडेएकवीस,” आपा वही न पाहता सांगते. “तपासून घे, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.”

पत्नी पडद्यावर पाहते. साडेएकवीसच असते. मग दोघी कैरीच्या लोणच्याविषयी बोलू लागतात आणि मी फोन परत मिळण्याची वाट पाहत बसतो.

आपल्याकडे असा सर्व्हर असेल तर हा अंक खाली ठेवल्यावर घरातल्या जाणकाराला एवढेच विचारा की आपली शेवटची प्रत कधीची आहे आणि ती उघडून कुणी पाहिली आहे का. उत्तर लगेच आले नाही, तर या रविवारचे काम ठरले. पत्रे येत राहू द्या.